एक माणूस, दोन रात्री

"ताई, मी निशी-कासाईला राहते, टोकियोत येऊन अकरा वर्षं झाली. वय ४३, नवरा आयटीत, मुलगी मिडल स्कूलला, मुलगा तिसरीत. बाबांच्या आजारपणात वर्षभरात चार वेळा चिपळूणला जाऊन आले, मार्चमध्ये बाबा गेले, परत आल्यावर तिसऱ्या दिवशी ऑफिस, आणि तेव्हापासून थांबलेच नाहीये. झोप लागते पण थकवा उतरत नाही. मला दोन दिवस एकटीला एखाद्या ओन्सेनच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यावरच्या र्‍योकानमध्ये (जुन्या जपानी पद्धतीच्या लॉजमध्ये) जाऊन नुसतं पडायचंय. नवरा म्हणतो जा ना, आणि लगेच पुढे म्हणतो एकटी काय करणार, सगळेच जाऊ. मैत्रीण म्हणते एकट्या बाईला र्‍योकानवाले घेतच नाहीत. मी शाकाहारी आहे, अंडं चालतं, जपानी कामापुरतं येतं. आणि सगळ्यांसमोर कपडे काढून आंघोळ करायची या कल्पनेनेच पोटात गोळा येतो, म्हणून तर इतक्या वर्षांत कधी गेले नाही. लहानपणी बाबा तुरळच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचे, ते हल्ली सारखं आठवतं. जाऊ का? आणि गेले तर कुठे, कसं?"

अगं, जा. पत्र वाचून संपायच्या आधीच मी हे मनात म्हटलं होतं. पण कशी जातेस त्यावर बरंच अवलंबून आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी एक हिशोब बघ. र्‍योकानमध्ये चेक-इन साधारण दुपारी तीनला आणि चेक-आउट सकाळी दहाला. म्हणजे एक रात्र राहिलीस तर हातात एकोणीस तास, त्यातले सात-आठ झोपेचे, दोन जेवणांचे, आणि सकाळी नऊपासून बॅग भरायची घाई सुरू. थकलेल्या माणसाला पहिला दिवस नुसता पोचण्यात आणि अंगातली धावपळ खाली बसण्यात जातो, आणि जरा सैल पडतोय असं वाटेपर्यंत निघायची वेळ होते. म्हणून माझा आग्रह एकच आहे, दोन रात्री, एकाच र्‍योकानमध्ये, आणि मधला दिवस पूर्ण कोरा. जपानीत याला रेनपाकु म्हणतात, लागोपाठ राहणं. तिथे पूर्वीपासून तोजी नावाची पद्धत आहे, शेतकरी-कोळी मंडळी हंगाम संपला की गरम पाण्याच्या गावी जाऊन आठवडाभर राहायची, सात दिवसांचा एक फेरा मानायचे, स्वतःचं रांधून खायचे आणि दिवसातून दोन-तीनदा पाण्यात बसायचे. एका रात्रीत थकवा उतरत नाही हे त्या लोकांना ठाऊक होतं. तुला आठवडा मिळणार नाही, पण दोन रात्री तरी घे.

हे मी स्वतः चुकून शिकलेय. माझी पहिली एकटीची ट्रिप हाकोनेला, एक रात्र. पास काढला होता ना, मग तो वसूल करायचा म्हणून डोंगरातली ट्रेन, मग केबल कार, मग रोपवेने ओवाकुदानी, तिथली काळी अंडी, मग तळ्यातली बोट, असं सगळं करत करत र्‍योकानमध्ये पोचले तेव्हा साडेसहा वाजून गेलेले, जेवणाची वेळ टळत चाललेली, नाकाई-सान म्हणजे खोलीचं-जेवणाचं बघणाऱ्या बाई दारातच वाट बघत उभ्या. घाईघाईत जेवले, भरल्या पोटी पाण्यात बसले, चक्कर आली, झोपले, सकाळी निघाले. घरी आले तेव्हा गेले होते त्याहून जास्त दमले होते आणि रडू आलं होतं मला, कारण ते दोन दिवस मी किती मुश्किलीने काढले होते. तुझं तसं होऊ नये.

आता नवऱ्याचं. तो मनाने चांगलाच असणार, पण "सगळेच जाऊ" म्हटल्यावर तुझं काय होणार ते तुलाही माहितीये. मुलाचा टॉवेल, मुलीला मासा नको, युकाता म्हणजे तिथला सुती झगा कोणाचा सुटला, सगळं तूच बघणार. त्याला सरळ सांग की फॅमिली ट्रिप एप्रिलमध्ये करू, ही वेगळी आहे, मला दोन दिवस कोणीही हाक न मारता काढायचेत. एवढं वाक्य पुरे, बाबा गेले म्हणून, तब्येत बरी नाही म्हणून, अशी कारणं देत बसायची गरज नाही. आणि हात जोडून एक सांगते, जायच्या आदल्या रात्री बारापर्यंत जागून फ्रीजमध्ये डबे भरून ठेवू नकोस. दोन दिवस पोरं ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे आणि अंडाभात खाऊन मजेत राहतील. रविवारी सकाळी निघ आणि मंगळवारी संध्याकाळी ये, रविवारी तो घरीच असतो, सोमवार-मंगळवार त्याने ऑफिसातून लवकर निघायचं एवढं आजच ठरवून टाका. रविवार-सोमवारची रात्र शनिवारपेक्षा स्वस्तही पडते आणि एकटीला खोली मिळायला सोपीही.

मैत्रीण म्हणते ते अगदीच खोटं नाहीये. र्‍योकानमध्ये दर खोलीवर नसतो, माणशी असतो, आणि त्यात रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी धरलेली असते. दोन-चार माणसांच्या खोलीत एकच माणूस उतरलं की त्यांचं नुकसान, म्हणून बरेच जण शनिवारी, सुट्टीत, गोल्डन वीकला, ओबोनला, नववर्षाला एकट्या पाहुण्याला नाही म्हणतात. पण आठवड्याच्या दिवसांत हल्ली एकट्याने फिरणाऱ्यांसाठी खास प्लॅन असतात, त्यात जपानी बायका भरपूर. जपानी बुकिंग साइटवर माणसं एक टाकून शोध आणि "हितोरी-ताबी" म्हणजे एकट्याचा प्रवास, असं लिहिलेले प्लॅन बघ. दोन जेवणांसकट माणशी साधारण पंधरा ते पंचवीस हजार येनमध्ये बरी जागा मिळते, एकटीला थोडे जास्त लावतात, तोजीच्या साध्या जागा त्याहून स्वस्त. वर ओन्सेनचा कर, तो बहुतेक गावांत रात्रीला १५० येन. टिप द्यायची नसते.

कुठे? तुझ्यासाठी मी गुन्मा प्रांतातलं शिमा ओन्सेन सुचवेन. उएनोवरून कुसात्सु-शिमा एक्स्प्रेस पकडायची, साधारण दोन तासांत नाकानोजो स्टेशन, तिथून बसने चाळीसेक मिनिटं. टोकियो स्टेशनवरून थेट बसपण आहे, वेळ जास्त लागतो पण एकदा बसलं की बदलाबदली नाही, खिडकीशी डोकं टेकून जाता येतं. चिंचोळ्या दरीत नदीकाठी वसलेलं छोटं गाव, नदीचं पाणी निळसर, रात्री नदीचा आवाज सोडून काही नाही. शिमा लिहितात ती अक्षरं म्हणजे चाळीस हजार, चाळीस हजार दुखणी बरी करणारं पाणी असं तिथले लोक मानत आलेत, आणि १९५४ मध्ये सरकारने प्रकृतीसाठी चांगली ओन्सेन गावं म्हणून ज्यांना पहिल्यांदा मान्यता दिली त्या तीनांत शिमा होतं. तिथल्या सेकिझेनकान र्‍योकानची जुनी लाकडी इमारत १६९१ ची आहे आणि १९३० साली बांधलेलं तिचं स्नानगृह, उंच कमानीच्या खिडक्या आणि दगडी टाक्या, बघण्यासारखंच आहे. पण तिथे कपडे बदलायला वेगळी खोली नाही, टाक्यांच्या बाजूलाच बदलायचं असतं, तर तुझा गोळा लक्षात घेता तिथे दुसऱ्यांदा जा.

हाकोने जवळ आहे, शिंजुकूहून रोमान्सकार ट्रेनने दीड तासाच्या आत, पण गर्दी आणि बघण्यासारखं इतकं की तू पुन्हा फिरत सुटशील. कुसात्सु या ओन्सेन गावाचं पाणी फार नामी, पण जबरदस्त आम्लयुक्त, जवळजवळ लिंबाच्या रसाइतकं, नाजूक किंवा खरचटलेल्या त्वचेला चरचरतं. शिमाचं पाणी सौम्य आहे. थकलेल्या माणसाला सौम्य पाणी बरं. आणि एक शब्द लक्षात ठेव, गेनसेन काकेनागाशी, म्हणजे झऱ्याचं पाणी सतत येतंय आणि वाहून जातंय, फिरवून फिरवून वापरत नाहीयेत. १९४८ च्या कायद्याने झऱ्याशी पाणी २५ अंशांच्या वर असलं किंवा ठरवलेल्या १९ घटकांपैकी एखादा पुरेसा असला की त्याला ओन्सेन म्हणता येतं, त्यामुळे नुसत्या ओन्सेन या पाटीवर जाऊ नको, हे शब्द बघ. अजून एक शब्द कोन्योकु, म्हणजे स्त्री-पुरुष एकत्र, तो दिसला तर बायकांची वेगळी वेळ आहे का ते आधी वाच.

आता पोटातल्या गोळ्याबद्दल, कारण मला वाटतं खरा प्रश्न तुझा हाच आहे. माझंही तसंच होतं, आपण नदीवर, विहिरीवर, कुंडावर साडी नाहीतर परकर नेसूनच पाण्यात उतरणारी माणसं, तुरळलाही तसंच असणार. त्यामुळे काय काय होतं ते क्रमाने सांगते म्हणजे अंधारात उडी मारल्यासारखं वाटणार नाही. दाराला नोरेन म्हणजे कापडी पडदा असतो, बायकांचा बहुतेक लाल, पण रंगावर जाऊ नको, अक्षर बघ, कारण बऱ्याच ठिकाणी रात्री नाहीतर सकाळी दोन्ही बाजू अदलाबदल करतात. आत कपडे ठेवायला टोपल्या. कपडे काढून टोपलीत, छोटा पांढरा टॉवेल हातात, तो अंगासमोर धरून चालायचं, सगळ्याच बायका तसंच चालतात. आत बुटकं स्टूल, नळ, शॉवर, साबण, तिथे बसून आधी नीट आंघोळ करायची, केसांना तेल असेल तर ते पूर्ण धुऊन काढ, केस वर घट्ट बांध, पाण्याला लागता कामा नयेत. मग उतरायचं. टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, डोक्यावर नाहीतर कडेला ठेवायचा. एकदा गळ्यापर्यंत पाण्यात गेलीस की वाफ आणि पाण्याने काहीच दिसत नाही, आणि खरं सांगते, कोणी बघत नाही. तिथे ऐंशीच्या आज्या असतात पाठीला बाक आलेल्या, पोटावर सिझेरियनच्या खुणा असलेल्या आया असतात, सगळी शरीरं आपापल्या पाण्यात डोळे मिटून. माझा संकोच पाचव्या मिनिटाला गेला आणि परत आला नाही. फार तर एखादी आजी विचारेल कुठून आलीस, इंदो म्हणालीस की मान डोलावेल आणि पाणी छान आहे ना म्हणेल.

तरीही पहिल्याच दिवशी नको वाटलं तर काशिकिरी-बुरो घे, म्हणजे चाळीस-पन्नास मिनिटं फक्त तुझ्यासाठी राखलेलं स्नानगृह, आतून कडी लावायची, काही ठिकाणी फुकट काही ठिकाणी दोन-तीन हजार येन. पहिली संध्याकाळ तिथे, दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाच-सहाला मोठ्या स्नानगृहात, त्या वेळी फार तर दोन-तीन जणी असतात. पाळीच्या दिवसांत सार्वजनिक पाण्यात जात नाहीत, तारखा बघून बुकिंग कर. अंगावर टॅटू असेल तर आधी विचारून घे, बऱ्याच जागी चालत नाही, छोटा असेल तर पट्टी लावून चालवून घेतात.

मंगळसूत्र आणि जोडवी घरीच ठेवून जा. हे कोणी सांगत नाही म्हणून सांगते, गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते, माझी आईने दिलेली जोडवी एका ओन्सेनमध्ये काळीकुट्ट झाली होती. शिमाच्या पाण्यात गंधकाचा त्रास तसा नाही, पण पुढे कुठे कुठे जाशील.

पाणी बहुतेक ४०-४२ अंश असतं. एका वेळी दहा मिनिटं, मग बाहेर बसायचं, वाटलं तर परत. दिवसातून तीनदा पुरे. पोचल्यावर खोलीत चहा आणि एखादी गोड मान्जू ठेवलेली असते ती आधी खा, उपाशीपोटी गरम पाण्यात गेलं तर गरगरतं, आणि जेवल्याबरोबर तर जाऊच नको. आधी नि नंतर पाणी पी, उठताना सावकाश उठ. तीनाचं पाचवेळा केलंस तर युआतारी होते, म्हणजे पाणी बाधतं, डोकं जड आणि मळमळ. बीपीच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरला एकदा विचार.

जेवण. इथे सगळ्यात जास्त मेहनत घ्यावी लागेल, आणि ती बुकिंग करतानाच, तिथे पोचल्यावर नाही. भाजी दिसली तरी खाली बोनितो माशाचं दाशी म्हणजे उकळून काढलेलं पाणी असतं, मिसो सूपमध्ये, शिजवलेल्या भाज्यांत, तेम्पुराच्या सॉसमध्ये, अगदी अंड्याच्या चावानमुशीतही. नुसतं व्हेजिटेरियन लिहिलंस तर मासा काढून दाशी ठेवतात आणि त्यांना वाटतं आपण बरोबर केलं. म्हणून असं लिही: "नीकु, साकाना, काई, एबी, कात्सुओ नो दाशी वा ताबेरारेमासेन. कोम्बु तो शीताके नो दाशी वा दाइजोबु देस. तामागो तो ग्यून्यू मो दाइजोबु देस." म्हणजे मांस, मासे, शिंपले, कोळंबी, बोनितोचं दाशी चालत नाही, कोम्बु (समुद्री शेवाळ) आणि शीताके (मशरूम) यांचं दाशी चालतं, अंडं आणि दूधही चालतं. हे बुकिंगच्या शेऱ्यात टाक आणि आठवडाभर आधी फोन करून किंवा मेल करून पक्कं कर. काही जागा नाही म्हणतील, वाईट वाटून घेऊ नकोस, पुढची जागा बघ, जी हो म्हणते ती मनापासून करते. बौद्ध मठांतली शोजिन र्‍योरी जपानी स्वयंपाक्यांना माहीत असतेच, तिळाचा तोफू, युबा, रानभाज्यांचा तेम्पुरा मिठाबरोबर, कोन्याकु, असं काय काय पुढे येतं की डोळे भरून येतात, आणि ते गरम गरम, आणि तू काही न करता. तरी बॅगेत मेतकुटाची डबी आणि लोणचं असू दे. सकाळच्या पांढऱ्या भातावर मेतकूट घातलंस ना, तिथे बसून, तर बघ. तसं नकोच वाटलं तर सुदोमारी म्हणजे जेवणाशिवाय राहायचं प्लॅनही मिळतं, पण तुझ्या बाबतीत मी ते करणार नाही, जेवण शोधत फिरायला लागलीस की विश्रांती गेली.

आणि हे आयतं मिळणं हाच यातला मोठा भाग आहे गं. तू जेवायला जातेस आणि परत येतेस तर तातामी चटईवर फुतोनची गादी घालून ठेवलेली. कुठल्या वेळी जेवाल एवढंच विचारतात, बाकी तुला काही ठरवायचं नाही. कपडेसुद्धा एकच, युकाता, डावी बाजू वर घ्यायची, उजवी वर फक्त मयताला नेसवतात, तेवढं सांभाळ. मला तरी हे सगळं बाळंतपणानंतर आईकडे गेले होते त्यानंतर पहिल्यांदा मिळालं. माहेरी जसं ताट वाढून मिळतं ना, तसं. तुझं तर माहेर आता पूर्वीसारखं राहिलं नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

मधल्या दिवसाचं सांगते. आठला न्याहारी, मग दहाच्या सुमारास बहुतेक ठिकाणी स्नानगृहं धुतात आणि दोन-तीन तास बंद असतात, खोलीत थांबता येतं का हे आधी विचारून ठेव, बहुतेक येतं. हीच वेळ तुला अवघड जाणार. अकरा वाजता तातामीवर बसलीयेस, फोन शांत, करायला काही नाही, आणि आतून कोणीतरी म्हणेल की चल तळं बघून येऊ, बस किती वाजता आहे. जाऊ नको. आडवी हो. खिडकीतून नदी बघ. भूक लागली तर गावात सोबाचं दुकान आहे, पण सोबाच्या सॉसमध्येही तेच दाशी, तर टोकियोहून येतानाच दोन उमेबोशी ओनिगिरी घेऊन ठेव. नंतर वाटलंच तर गावातून दहा मिनिटं चाल, ठिकठिकाणी झऱ्याचं पाणी प्यायला ठेवलेलं असतं, किंचित खारट, घोटभर पिऊन बघ. तीनला परत पाण्यात. बाबांचं पुस्तक किंवा पत्रं वगैरे मुद्दाम बरोबर नेऊ नकोस, आठवायचं ते आपोआप आठवेल.

कारण रडू येईल तुला, हे सांगून ठेवते. मार्चपासून तुला रडायला वेळ मिळालेला दिसत नाही. गरम पाण्यात अंग सैल पडलं की ते येतंच, चेहरा ओला असतोच सगळ्यांचा, कोणाला कळत नाही आणि कळलं तरी कोणी विचारत नाही. तुरळच्या पाण्याला तो गंधकाचा वास असायचा, शिमात तो येणार नाही. पण पाय आधी बुडवून "हाय रे" म्हणत हळूहळू खाली बसणं, ते तेच आहे.

जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारी बघ, बर्फ असेल, गर्दी कमी, पाणी सगळ्यात गोड लागतं तेव्हा. बुटाला पकड चांगली हवी, आणि संध्याकाळी सहाच्या आत पोच. फोनवर बुकिंग केलंस तर नाव सांगून एवढंच म्हणायचं, ओतोना इचिमेई, निहाकु. मोठं माणूस एक, रात्री दोन. पलीकडून "ओहितोरी-सामा देस का" विचारतील, म्हणजे एकट्याच का. हाय म्हण, म्हणजे हो.